ब्रेंडनचा नकाशा: प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार

काम ठरलं. लिमरिकमधल्या आमच्या शनिवारच्या मराठी वर्गासाठी भिंतीवर लावायचा मोठा नकाशा करायचा: संत ब्रेंडनची सफर. मुलं इथंच जन्मलेली. शाळेत प्रत्येकाच्या ओळखीचा एक तरी ब्रेंडन असतोच, पण हा मूळचा ब्रेंडन कोण ते एकालाही सांगता येईना. मलाही जेमतेमच येत होतं.

कागद ए-वन मापाचा. त्यावर उत्तर अटलांटिक, आयर्लंडच्या केरी किनाऱ्यापासून न्यूफाउंडलंडपर्यंत लाल रेघ, रेघेवर दहा थांबे, थांब्यागणिक मराठीत चार ओळी. चार शनिवार-रविवार पुरतील. (हे वाक्य जूनमध्ये पुन्हा वाचलं आणि हसले. खोडत नाही.)

पक्कं काय आहे ते आधी टिपून ठेवते. ब्रेंडन हा खरोखरचा माणूस. जन्म साधारण 484चा, केरीत ट्रली गावाच्या आसपास. मठ बरेच काढले, त्यातला मोठा क्लॉनफर्टचा. मृत्यू साधारण 577. त्यानंतर शंभरेक वर्षांनी आयोना बेटावरच्या अ‍ॅडम्नानने संत कोलंबाचं चरित्र लिहिलं. त्यात ब्रेंडन कोलंबाला भेटायला एका बेटावर येऊन गेल्याचा प्रसंग आहे. म्हणजे बेटाबेटांवर फिरणारा साधू, एवढ्यापर्यंत शंका नाही. देवमासा, बोलके पक्षी, स्फटिकाचा खांब हा सगळा माल ‘नाव्हिगात्सिओ’ या लॅटिन कथेतला. ती लिहिली गेली ब्रेंडनच्या मागून दोन-तीनशे वर्षांनी. तिच्या 120हून जास्त हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत, यावरून मध्ययुगात ती किती वाचली जात होती ते कळतं.

15 फेब्रुवारी, शनिवार

होडी बांधण्याचा उतारा मराठीत आणला. शेजारचे आजोबा शाळेत सक्तीनं लॅटिन शिकलेले. त्यांना चहा पाजून शब्द-न्-शब्द विचारून घेतला.

मजकूर असा: ब्रेंडन आणि सोबत्यांनी अवजारं घेतली आणि लाकडाच्या बरगड्या आणि खांब असलेली अगदी हलकी होडी केली, ‘त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे’. तिच्यावर ओकच्या सालीत लाल केलेली बैलाची कातडी चढवली. कातड्यांच्या सांध्यांना बाहेरून लोणी माखलं. आत आणखी दोन होड्या मढवता येतील एवढं राखीव कातडं ठेवलं, चाळीस दिवसांचा शिधा ठेवला, आणि त्या राखीव कातड्याला लावायला लोणी वेगळं घेतलं. मधोमध डोलकाठी, शीड, सुकाणूचं सामान.

मला हा उतारा देवमाशाहून जास्त आवडला. पुढं बोलणारे पक्षी येणार आहेत, पण लिहिणारा आधी पंक्चर काढायचं सामान भरून घेतो.

‘लाल केलेली’पाशी मी अडून बसले होते. मग लक्षात आलं, आपल्याकडं शब्द हाताशी आहे: कमावलेलं कातडं. ओकच्या सालीत कमावलेली कातडी. आजोबांना सांगितलं की मराठीत पैसा कमावतात तसंच कातडंही कमावतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

‘होडी’ की ‘नाव’? ब्रेंडन, त्यानं निवडलेले चौदा आणि ऐनवेळी किनाऱ्यावर येऊन गळ घातलेले तिघं, म्हणजे अठरा माणसं. होडकं म्हणायला मोठं, गलबत म्हणायला हास्यास्पद. होडीच.

केरीत असल्या होडीला नीव्होग म्हणतात, इतरत्र करख. लाकडी कामट्यांचा सांगाडा तोच, फक्त कातड्याच्या जागी आता डांबर फासलेलं किंतान. कातडी होडीतून साधू समुद्रात जात होते याचा कथेबाहेरचा पुरावाही आहे. 891 सालच्या नोंदीत इंग्रजांची बखर सांगते की तीन आयरिश माणसं अडीच कातड्यांच्या होडीतून, वल्ह्यांशिवाय, सात दिवसांचं अन्न घेऊन निघाली आणि सातव्या दिवशी कॉर्नवॉलला लागली. का निघालात, तर देवासाठी परदेशी व्हायचं होतं, कुठं ते महत्त्वाचं नव्हतं. बखरीनं तिघांची नावंसुद्धा दिली आहेत. मला मात्र ते ‘अडीच’ भारी वाटतं.

22 फेब्रुवारी, शनिवार

कोल्हापूरला मामांना फोन. ते काही कातड्यातले नाहीत, पण त्यांच्या गल्लीत चपलांचे जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडं फोन दिला. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. म्हणजे झाडाच्या सालीतलं, क्रोम या रसायनातलं नव्हे. ओकच्या सालीतल्या कातड्याचा हा चुलतभाऊच.

कारागीर म्हणाले, “ताई, चप्पल पावसात घालू नका म्हणून गिऱ्हाईकाला सांगून सांगून आम्ही दमलो, आणि तुम्ही त्याची होडी करायला निघालाय व्हय?”

होडी नाही, नुसती परीक्षा, असं सांगितल्यावर जरा निवळले. “मग तेल पाजा. पोटभर पाजा. पाण्याला आत शिरायला जागाच ठेवू नका.” दादा मार्चमध्ये येतोय, त्याच्या बॅगेतून एक तळव्याचा तुकडा येईल.

8 मार्च, शनिवार

नकाशा शाईनं पक्का केला. बसून सलग सहा तास. कंबर गेली, पण रेघ देखणी आली.

थांब्यांच्या जागा अशा धरल्या. मेंढ्यांचं बेट आणि पक्ष्यांचं बेट: फेरो बेटं. याला आधार बरा आहे. डिकुइल नावाचा आयरिश साधू 825 साली लिहितो की उत्तरेकडच्या काही बेटांवर आमचे एकांतवासी जवळजवळ शंभर वर्षं राहत होते, आता नॉर्स चाच्यांमुळं तिथं कुणी नाही, नुसत्या असंख्य मेंढ्या आणि तऱ्हेतऱ्हेचे समुद्रपक्षी. लोहारांचं बेट, जिथून साधूंवर धगधगते गोळे फेकले जातात आणि समुद्र उकळतो: आइसलंडचे ज्वालामुखी. आइसलंडलाही साधू पोचले होते असं हाच डिकुइल सांगतो. तिथून आलेल्यांनी त्याला सांगितलं होतं की ऐन उन्हाळ्यात मध्यरात्रीसुद्धा एवढा उजेड असतो की अंगरख्यातल्या उवा वेचता येतात. इतका पटणारा पुरावा मी दुसरा वाचलेला नाही. स्फटिकाचा खांब: हिमनग. दाट धुकं: न्यूफाउंडलंडचा किनारा.

शेवटच्या टप्प्याला, कातड्याच्या होडीतून ही सफर पुन्हा करून पाहणाऱ्या टिम सेव्हरिनचा आधार घेतला. 17 मे 1976ला तो केरीतल्या ब्रँडन क्रीकमधून निघाला. होडी 36 फुटी, ओकच्या सालीत कमावलेली 49 कातडी, वरून लोकरीची चरबी. आइसलंडला हिवाळा काढून 26 जून 1977ला न्यूफाउंडलंडजवळच्या पेकफर्ड बेटाला लागला. वाटेत बर्फानं कातडं फाटलं, तर बाहेर ओणवं होऊन त्यांनी ठिगळ शिवलं. क्लेअर परगण्यात क्रॅगनोवेनला ती होडी मी काही वर्षांपूर्वी पाहिली होती. टाके मनगटाएवढ्या अंतरावर असतील असं वाटलं होतं, ते निघाले गोधडीसारखे जवळजवळ.

22 मार्च, शनिवार

कातडं आलं. त्याच्या तीन पट्ट्या कापल्या. पहिलीला काही नाही, दुसरीला बिनमिठाचं लोणी, तिसरीला लोकरीची चरबी (औषधाच्या दुकानात मिळते, बाळंतिणी वापरतात). चरबी कोमट करून जिरेपर्यंत चोळली. तिन्ही मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत, न्हाणीघरात. नवरा म्हणाला, आंघोळ कुठं करायची. म्हटलं, आलटून पालटून.

29 मार्च, शनिवार

वर्गात देवमाशाची गोष्ट सांगितली. रात्री साधू एका उजाड, बिनवाळूच्या बेटावर उतरतात. ब्रेंडन मात्र होडीतच बसून राहतो, त्याला ठाऊक असतं. सकाळी बाकीचे भांड्याखाली जाळ करतात, भांडं उकळायला लागतं आणि बेट लाटेसारखं हलायला लागतं. सगळे धावत होडीत. दोन मैलांवरूनही त्यांना तो जाळ दिसत राहतो. मग ब्रेंडन सांगतो, ते बेट नव्हतं, मासा होता. समुद्रात पोहणाऱ्या सगळ्यांत मोठा. त्याचं नाव यास्कोनियस. (आयरिशमध्ये मासा म्हणजे इअस्क, त्याचं लॅटिन बारसं.) तो सारखा आपली शेपटी तोंडाला जुळवायला बघतो, पण लांबीमुळं जमत नाही.

सात वर्षांच्या एकीनं हात वर केला. “मग भांडं?”

काय भांडं?

“त्यांचं भांडं माशावरच राहिलं ना. घरी ओरडले नाहीत?”

बघून सांगते म्हटलं.

1 एप्रिल, मंगळवार, रात्री

भांडं सापडलं.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी ते पुन्हा त्याच माशापाशी येतात आणि गेल्या वर्षीचं भांडं तसंच पाठीवर असतं! माशानं वर्षभर सांभाळलेलं. ते उतरतात, प्रार्थना करतात आणि नीट परत होडीत बसतात.

हा प्रसंग मी आधी वाचलेला होता. पण नकाशासाठी वाचताना ‘पुन्हा तिथंच’ अशा जागा मी सरळ ओलांडून गेले होते, कारण रेघेत त्यांना जागाच नव्हती. आज रात्री बसून पुन्हा वाचलं. पक्ष्यांच्या बेटावरचा पक्षी ब्रेंडनला स्वच्छ सांगतो: तुम्हाला चार मुक्काम नेमून दिलेले आहेत. ईस्टरआधीचा गुरुवार मेंढ्यांच्या बेटावर, ईस्टर माशाच्या पाठीवर, तिथून पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) आठवड्यापर्यंत आमच्यापाशी, नाताळ संत अल्बेच्या मठात. असं सात वर्षं. मग वचनाची भूमी, जी शोधायला ते निघालेत.

म्हणजे हे पालखीचं वेळापत्रक आहे. दरवर्षी तेच मुक्काम, त्याच तिथीला. आणि मी त्याची लाल रेघ काढून बसले.

5 एप्रिल, शनिवार

नकाशा वाचवता येतो का पाहिलं. नाही येत.

एक तर शेवटची सफर. मेंढ्यांच्या बेटावरून वचनाच्या भूमीकडं चाळीस दिवस, आणि दिशा लिहिली आहे पूर्व. मी डोळे चोळून पाहिलं, आजोबांकडून खात्री करून घेतली. पूर्वच. माझी रेघ तर पश्चिमेला अमेरिकेत शिरते.

दुसरं म्हणजे बॅरिंडची गोष्ट. ब्रेंडनला या भूमीची बातमी देणारा हा साधू पहिल्याच प्रकरणात येतो. तो स्वतः तिथं जाऊन आलेला. मेर्नोक नावाच्या शिष्याच्या बेटावरून दोघं निघाले, धुक्यानं वेढलं, आणि तासाभरात लख्ख उजेड. तासाभरात! पंधरा दिवस हिंडलो असं त्यांना वाटलं, तर तिथला माणूस म्हणाला तुम्हाला वर्ष झालं, इतक्यात भूक-तहान लागली का? मेर्नोक तिथं अधूनमधून जात असे आणि परतला की कपड्यांचा सुगंध चाळीस दिवस टिकत असे. एकाला तास लागतो, दुसऱ्याला सात वर्षं. हे अंतर कुठल्या प्रमाणात काढणार? एका सेंटीमीटरला किती वर्षं?

खरं सांगायचं तर लाल रेघ ब्रेंडनची नव्हतीच, सेव्हरिनची होती. सेव्हरिननं दाखवलं ते एवढंच की कातड्याची होडी तिथवर जाऊ शकते. तेही थोडं नाही. पण कथेतल्या साधूंना कुठं पोचायची घाई दिसत नाही. शोध लावणाऱ्यांनी मात्र या गोष्टीमागं फार घाई केली. 1492च्या बेहाइमच्या पृथ्वीगोलावर ब्रेंडनचं बेट आहे. कॅनरी बेटांवरून ते शोधायला 1721पर्यंत जहाजं गेली. मी त्यांच्याच रांगेत, फक्त ए-वन कागद घेऊन.

सहा तासांची शाई गुंडाळून कपाटावर.

13 एप्रिल, रविवार

बादल्यांचा निकाल, तीन आठवड्यांनंतर. कोरी पट्टी पाणी पिऊन फुगली, दुमडली की भिजलेल्या पापडासारखी पडते, वजन जवळजवळ दीडपट. लोण्याची पट्टी बरी आहे, पण वास असा की शेजाऱ्यांना खुलासा द्यावा लागेल. चरबीची पट्टी अजून ताठ, पाणी थेंबाथेंबानं ओघळतं. कारागिरांना फोटो पाठवले. उत्तर आलं: “सांगितलं नव्हतं? पोटभर.”

अठरा माणसं, वर्षानुवर्षं, आणि खवट लोण्याचा वास. पक्षी बोलले यापेक्षा हे सगळे एकमेकांशी बोलत राहिले याचं मला नवल. अल्बेच्या मठातले चोवीस साधू ऐंशी वर्षं मौन पाळतात, त्याचं कारण वेगळं असेल ते असो.

20 एप्रिल, ईस्टर

नवा आराखडा: चक्र. बाहेर बारा महिन्यांची कडी, आत फिरणारी तबकडी. एक वर्ष म्हणजे एक फेरा, सात फेरे.

अडचण लगेच आली. नाताळ पक्का 25 डिसेंबर. अल्बेच्या मठातून निघायचं तेही पक्कं, मरियेच्या शुद्धीकरणाचा सण, 2 फेब्रुवारी. पण ईस्टर चंद्रावर चालतो: वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. तो सरकला की गुरुवार, मासा, पक्षी, पेंटेकॉस्ट सगळी रांग सरकते. आपली मुलं दिवाळी दरवर्षी का हलते हे विचारतातच, त्यांना हे पटकन कळेल. म्हणून तबकडी एक नाही, दोन हव्यात. नाताळ आणि शुद्धीकरण बाहेरच्या कडीवर चिकटलेले, ईस्टरचं कुटुंब मधल्या सरकत्या कडीवर. आयरिश चर्चचं रोमशी ईस्टरच्या तारखेवरूनच भांडण झालं होतं, 664 साली व्हिटबीच्या सभेत ते इंग्लंडच्या उत्तरेपुरतं मिटलं. त्या मंडळींना माझी अडचण समजली असती.

चार मुक्काम बसले. बाकीची नवलं मधल्या मोकळ्या पाण्यात, महिना न लिहिता: घट्ट झालेला समुद्र, गुंगी आणणारा झरा, द्राक्षांचं बेट, लोहार, खांब. ही सुटी चित्रं कापडी चिकटपट्टीनं लावायची, म्हणजे मुलं हवी तिथं डकवतील.

27 एप्रिल, रविवार

खांबाचं चित्र. तो जवळ दिसतो पण पोचायला तीन दिवस लागतात. भोवती जाळं, त्याची भोकं एवढी मोठी की त्यातून होडी आत जाते. चंदेरी रंगाचं, आणि संगमरवरापेक्षा टणक वाटणारं. ब्रेंडन काय करतो? माप घेतो. चार दिवस चार बाजूंनी, प्रत्येक बाजू 1400 हात. नवल दिसलं की आधी टेप लावायचा, हा माणूस मला आवडत चालला आहे.

मग यहूदा, येशूला धरून देणारा शिष्य. हे मुलांना सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले. समुद्रात एका खडकावर तो बसलेला, समोर टांगलेलं फडकं वाऱ्यानं डोळ्यांवर आपटतंय. नरकातून त्याला मिळालेली ही सुट्टी: रविवारी, नाताळात, ईस्टर ते पेंटेकॉस्ट, आणि मरियेच्या दोन सणांना. फडकं त्यानं एका महारोग्याला दिलं होतं, पण ते स्वतःचं नव्हतं, म्हणून त्याचा आराम नाही, उलट त्रास. फडकं अडकवलेले लोखंडी आकडे त्यानं मंदिराच्या पुजाऱ्यांना भांडी टांगायला दिलेले. आणि बसायचा दगड त्यानं एकेकाळी रस्त्यातल्या खळग्यात टाकला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडावा म्हणून. तेवढा दगड खाली आहे.

सांगायचं ठरवलं. दगडामुळं. चक्रावर त्याला रविवारांची छोटी टिंबं दिली, बाहेरच्या कडीभर.

22 मे, गुरुवार

गोव्यात काथ्यानं फळ्या शिवून बांधलेलं कौंडिण्य जहाज काल कारवारला नौदलात दाखल झालं, खिळा न वापरता. दादानं व्हिडिओ पाठवला, खाली “तुझ्या साधूंना दाखव.” शेजारच्या आजोबांना दाखवला. सेव्हरिननंही ब्रेंडननंतर ओमानमध्ये काथ्यानं शिवलेलं जहाज बांधून चीन गाठलं होतं, हे त्यांना तोंडपाठ.

25 मे, रविवार

माउंट ब्रँडन, 952 मीटर. पश्चिमेच्या बाजूनं चढले, वाटेवर क्रूस लागतात. वरून बेटं आणि समुद्र पाहायचा, फोटो काढायचे, चक्राच्या मध्यात लावायचे असा बेत. माथ्यावर मोठा क्रूस, जुन्या प्रार्थनास्थळाचे दगड, आणि भोवती धुकं. स्वतःच्या बुटांपलीकडं काही दिसेना. पाऊण तास वाट पाहिली, थर्मासातला चहा संपवला, उतरले. फोटो एकच आला, पांढरा. तोच लावणार आहे.

14 जून, शनिवार

‘तेरा रेप्रोमिसिओनिस सांक्तोरुम’चं भाषांतर ठरलं: संतांना दिलेल्या वचनाची भूमी. मराठी बायबलवाले ‘वचनदत्त देश’ म्हणतात, ते मुलांच्या तोंडी बसेना. तिथं ते चाळीस दिवस हिंडतात, मध्ये एक नदी येते, ती त्यांना ओलांडता येत नाही. एक तरुण येऊन सांगतो, फळं आणि रत्नं घ्या आणि परत जा. मग घर. तिसरं वाक्य संपायच्या आत ब्रेंडन वारतो. मीही तेवढ्याच ओळी दिल्या.

5 जुलै, शनिवार

चक्र लावलं. उद्या आषाढी, म्हणून वर्गात आधी दिंडी झाली, खोलीभर दोन फेरे, टाळ माझ्याकडचे. मग सगळे भिंतीपाशी. भांडंवालीला मी मान दिला. माशाच्या पाठीवर नमद्याचं काळं भांडं तिनं चिकटवलं आणि चक्र फिरवलं तरी ते पडत नाही ना हे तीनदा तपासलं.

मग सगळ्यांनी फिरवलं. फार जोरात. सातव्या फेऱ्याच्या आधीच मधली पितळी पिन पुठ्ठ्यातून फाटून बाहेर आली. घरी आणून कोल्हापुरी कातड्याची गोल चकती कापून मागून लावली. चरबीची पट्टी संपली होती, लोण्याची वापरली. दोन दिवस गॅलरीत वाळवायची, वास गेला तर शनिवारी परत टांगते.